सगळ्यांची चूक एकच

शैला पोतनीसबाईंना कॉपीचा वास यायचा. परीक्षेच्या हॉलमधून त्या नुसती एक फेरी मारायच्या आणि शेवटच्या बाकावरच्या पोराच्या मोज्यातली चिठ्ठी आपणहून बाहेर यायची. मुलं म्हणायची, बाईंना पाठीलाही डोळे आहेत. मंदाबाई शिपाई म्हणायच्या, पाठीला कशाला, शाळेच्या भिंतींना लावून ठेवलेत. मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या मागे असलेल्या त्या मराठी शाळेत बाई पर्यवेक्षिका होत्या आणि शाळा चालायची ती त्यांच्या धाकाने. मुख्याध्यापक राऊळ सर भला माणूस. कुणी काहीही येऊन सांगितलं तरी ते 'असं का? बरं बरं' म्हणायचे आणि चहा मागवायचे. अशा माणसाच्या शाळेत कुणीतरी संशय घ्यायला नको का? तो विभाग बाईंनी स्वतःकडे घेतला होता.

त्याला कारणही होतं. पूर्वी गिरगावातल्या एका शाळेत असताना बाईंनी एका सहकाऱ्यावर डोळे झाकून विश्वास टाकला होता. त्याने सांगितलं तिथे सही केली, आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सामूहिक कॉपीचं बालंट त्यांच्यावर आलं. पुढे चौकशीत त्या सुटल्या, पण वर्षभर नातेवाइकांच्या लग्नकार्यात मान वर करून बसता आलं नव्हतं. तेव्हापासून बाईंचा विश्वास होता तो फक्त कुलपावर. तेही त्या दोनदा ओढून बघत.

आता अशा बाईंच्या समोर भूपेश केणी येऊन पडला, हे त्याचं नशीब. काशीगावातला मुलगा. एकेकाळी घरची मिठागरं होती, आता चुलते-बिलते टेम्पो आणि गाळ्यांच्या धंद्यात होते. घरात शिक्षक झालेला हा पहिलाच. शाळेत तो शिक्षणसेवक म्हणून लागला होता. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि शेवटी शाळेने बरा शेरा दिला तर कायम व्हायचं, नाहीतर रामराम. त्याचं तिसरं वर्ष दिवाळीला संपत होतं, आणि तो शेरा लिहिणार होत्या पोतनीसबाई. भूपेशच्या आईने मुलगी पाहून ठेवली होती. मुलीचा बाप म्हणाला होता, कायम झाला की बोलू. एवढं सगळं बाईंच्या एका कागदावर टांगलेलं होतं आणि हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

इतर शिक्षणसेवक शेवटच्या वर्षी कसे वागतात? खाली मान घालून, फळ्याकडे तोंड करून. हा पठ्ठ्या जूनमध्येच ऑइल पेंटचा डबा घेऊन आला आणि व्हरांड्याच्या रुंद पायऱ्यांवर पांढरी अक्षरं रंगवून मोकळा झाला. सगळ्यात खालच्या पायरीवर के, मग एल, मग एम, मग एन. बाईंनी वरच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा नववीचा अख्खा वर्ग तिथे जमलेला. खाली मैदानात स्टुलावर एक मुलगा मख्खपणे बसलेला, पायऱ्यांवर मुलं-मुली चढतायत, ढकलाढकली, हशा, आणि भूपेश शिट्टी फुंकतोय.

"केणी, हा काय तमाशा आहे?" बाई खाली येऊन म्हणाल्या.

"अणू आहे, बाई," भूपेश म्हणाला. घामाने निथळत होता, पण चेहरा असा फुललेला, की बाईंना तिथेच पहिली शंका आली. शिकवताना माणूस इतका खूश कसा असेल?

"अणू?"

"हा स्टुलावर बसलाय तो केंद्रक. ही मुलं इलेक्ट्रॉन. पहिल्या पायरीवर दोघंच मावतात, दुसऱ्या पायरीवर आठ. ती भरली की पुढच्याने वरच्या पायरीवर जायचं. आता बघा हां." त्याने शिट्टी वाजवली. वरच्या पायरीवरचा एक मुलगा धपकन खालच्या पायरीवर उतरला आणि उतरता उतरता त्याने हातातला लाल चेंडू मैदानात फेकला. पायऱ्यांकडे पाठ करून उभ्या असलेल्या मुलींच्या पुढ्यात तो पडला. "लाल! छोटी उडी!" त्या ओरडल्या.

"इलेक्ट्रॉन खाली उतरला की प्रकाश बाहेर पडतो," भूपेश सांगायला लागला. "लहान उडी असेल तर लाल, मोठी असेल तर जांभळा. मुली मागे वळून बघत नाहीत, नुसत्या चेंडूच्या रंगावरून ओळखतात की आत कोण कुठून कुठे..."

"पायऱ्या शाळेच्या आहेत," बाई म्हणाल्या. "परत रंग लावायचा नाही."

"नाही लावणार, बाई."

त्याने शब्द पाळला. ऑगस्टमध्ये पावसाने तिसऱ्या पायरीची लादी सुटली, तिच्यावर एका मुलाचा पाय सटकून गुडघा फुटला, तेव्हा बाईंनी प्रार्थनेच्या वेळी माइकवरून बजावलं की त्या पायरीवर कुणी पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं. बाईंचा हुकूम म्हणजे हुकूम. दुसऱ्या दिवसापासून पहिलीतली पिटुकली पोरंसुद्धा तिथे टुणकन उडी मारून वर जायला लागली. लादी बसवायचा अर्ज संस्थेकडे गेला आणि अर्ज जसे जातात तसा तिकडेच राहिला.

गणपतीनंतर शेजारच्या सोसायटीतल्या जमनाबेन तरातरा ऑफिसात आल्या.

"मेडम, आपके छोकरे लोग काला डब्बा आँख पे लगाके मेरी गेलरी में देखते हैं," त्या म्हणाल्या. "ऊपर से चिल्लाते हैं, 'हरा दिखा, हरा दिखा!' मेरे घर में हरा क्या है?"

राऊळ सर 'असं का? बरं बरं' म्हणाले. बाईंनी मात्र मंदाबाईंना पाठवून नववीच्या दप्तरांची झडती घेतली. दप्तरातून चपलांचे आणि मिठाईचे खोके निघाले. आतून काळा कागद, एका बाजूला बारीक फट, आणि आत सीडीचा तुकडा चिकटवलेला.

"हे काय आहे?" बाईंनी ऋतिकाला विचारलं. ऋतिका काशीगावातली, वर्गात मागच्या बाकावर बसायची, आणि आठवीपर्यंत विज्ञानात कधी धड पास झालेली नव्हती.

"उजेड फोडायचा डबा हाय, बाई," ती म्हणाली. "बल्बाचा उजेड येगळा फुटतो न ट्यूबलाइटचा येगळा. ट्यूबलाइटमधी हिरवी रेघ दिसते. त्या बेनच्या गॅलरीत ट्यूबलाइट हाय ना."

"आणि कुणी सांगितलं हे बघायला?"

"सरांनी. रविवारी आमी हायवेवर पण जातो. दिवे लागायच्या टायमाला."

रविवारी! बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथे. शाळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी, निवडक मुलं. ह्यालाच तर शिकवणी म्हणतात. आणि जो शिक्षक चोरून शिकवणी घेतो तो शिकवणीच्या मुलांना काय देतो, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. इथे नक्कीच पाणी मुरत होतं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला उठवलं. पंढरीनाथराव बँकेतून निवृत्त झालेले, रविवारचा सामना बघत पडलेले.

"काशीमिऱ्याला उसाचा रस प्यायला जाऊ," बाई म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोने कधी आपण होऊन रस प्यायला चला म्हटलं नव्हतं. पंढरीनाथराव निमूट चपला घालून निघाले. हायवेच्या कडेच्या गुऱ्हाळात बाईंनी बरोबर अशी जागा धरली, की चरकाच्या आडून रस्ता दिसेल, पण रस्त्यावरून त्या दिसणार नाहीत.

दिवे लागले. पिवळे, हायवेचे नेहमीचे. आणि त्या खांबाखाली नववीची दहा-बारा पोरं डोळ्यांना खोके लावून, माना वर करून उभी. मध्ये भूपेश.

"पिवळा!" कुणीतरी ओरडलं. "सर, पिवळाच जास्त हाय!"

"मग आत कोण बसलंय?" भूपेशचा आवाज आला.

"सोडिअम!" पोरांनी एका सुरात सांगितलं.

"खांबावर चढून बघितलंस का?"

"न्हाय, सर!"

"मग कसं कळलं?"

"बाहेर काय येतं त्याच्यावरून!"

बाईंनी पंढरीनाथरावांच्या मनगटाला चिमटा काढला. "ऐकलंत? 'सोडिअम' म्हणाले."

"मग? सोडिअमच असेल," पंढरीनाथराव म्हणाले. "मी पण जाऊन एकदा बघून येऊ का त्या डब्यातून?"

"गप्प बसा. चाचणी आहे आठवड्याभरात. आणि पाठ करून घेतोय बघा कसा."

"अगं, दिवा दाखवतोय तो."

"दिवा दाखवायला रविवारी कोण येतं?" बाई म्हणाल्या. पंढरीनाथराव रस प्यायले आणि खोक्यांकडे हावरटासारखे बघत राहिले. गुऱ्हाळवाल्याकडून बाईंनी एवढंही काढून घेतलं की ही मंडळी दर रविवारी येतात, मास्टर कधीकधी सगळ्यांना रस पाजतो. स्वतःच्या खिशातून! मानधनावरचा माणूस! बाईंच्या हिशेबात ही आणखी एक गाठ पडली.

घटक चाचणीची प्रश्नपत्रिका भूपेशने काढली होती, ती बाईंनी ऐन वेळी बाजूला ठेवली. त्यांचा विषय गणित, पण पाठ्यपुस्तक समोर ठेवून त्यांनी स्वतः नवे प्रश्न काढले, स्वतः स्टेन्सिल कापलं, आणि पेपर तपासायलाही स्वतःच घरी घेऊन गेल्या. 'ह्या वेळी मी बघते' एवढंच त्या भूपेशला म्हणाल्या. तो 'बरं, बाई' म्हणाला.

पेपर तपासायला बसल्या आणि त्यांचा लाल पेन हवेतच थांबला.

प्रश्न साधा होता. सोडिअमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात, ते कोणत्या कवचात किती, ते लिहा. उत्तर पुस्तकात छापलेलं होतं. के कवचात दोन, एलमध्ये आठ, एममध्ये एक. पहिल्या पेपरात लिहिलं होतं: के दोन, एल आठ, एन एक. एम गायब! असेल कुणाची धांदल. दुसरा पेपर. एन एक. तिसरा, चौथा. बाईंनी गठ्ठा उलटा केला. खालूनही तेच. हुशार मुलं, ढ मुलं, पहिला बाक, शेवटचा बाक. काहीच न येणाऱ्या ऋतिकाचंही अगदी तेच. कुणी एकानेही चुकून सुद्धा बरोबर उत्तर लिहिलं नव्हतं.

"अहो, हे बघा," त्यांनी पंढरीनाथरावांच्या पुढे पेपर टाकले. आवाजात जवळजवळ आनंद होता. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येऊ शकतं. पण चूक सारखी कशी येईल? चूक ज्याची त्याची असते. सगळ्यांची चूक एकच, म्हणजे सांगणारा एकच."

पंढरीनाथरावांनी चष्मा लावून पाहिलं. "खरंच की. पण सांगणारा केणी असेल, तर तो चुकीचं कशाला सांगेल? विज्ञानाचा माणूस ना तो?"

"घाईघाईत. मी पेपर बदलला, मग त्याची धावपळ झाली असणार. हळूच सांगून आला असणार."

"त्यालाच विचार ना."

"आणि सावध करू?" बाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फेरचाचणी लावली. कुणाला पूर्वसूचना नाही. वर्ग हॉलमध्ये नेला, एका बाकावर एकालाच बसवलं, मधले बाक मोकळे. भूपेशला त्याच वेळी राऊळ सरांच्या मदतीने तालुक्याच्या कामाला पाठवून दिलं. प्रश्न फळ्यावर आयत्या वेळी लिहिला. सोडिअमऐवजी मॅग्नेशिअम, बारा इलेक्ट्रॉन. आणि मग बाई डोळ्यांत तेल घालून हॉलभर फिरल्या. कुणी मान वळवली नाही, कुणी कुजबुजलं नाही. तरी सगळ्या पेपरांवर के दोन, एल आठ, एन दोन.

खरं तर शहाण्या माणसाला इथे थांबून विचार करावासा वाटला असता. पेपर फुटला नाही, कॉपी झाली नाही, तरी चूक तीच. मग चुकीचं मूळ भलतीकडेच नसेल ना? पण संशयाची एक गंमत असते. त्याला पुरावा मिळाला तरी तो वाढतो आणि नाही मिळाला तर त्याहून वाढतो. बाई म्हणाल्या, ह्याने पोरांना इतकं पक्कं घोटून घेतलंय, की आता प्रश्न बदलला तरी ती तेच ओकतायत. हा शिकवत नाही, पढवतो. आणि शाळेत नाही, बाहेर.

त्यांनी अहवाल लिहिला. भाषा सुरेख, सगळं मुद्देसूद. पायऱ्या विद्रूप केल्या, शेजाऱ्यांची तक्रार आली, सुट्टीच्या दिवशी शाळेबाहेर निवडक मुलांना शिकवणी दिली, आणि दोन चाचण्यांत संपूर्ण वर्गाची उत्तरं संशयास्पदरीत्या एकसारखी आली. शेरा: सेवेत कायम करण्यास योग्य वाटत नाहीत.

राऊळ सरांनी तो दोनदा वाचला. "असं का?" ते म्हणाले, पण 'बरं बरं' म्हणाले नाहीत. "मुलगा चांगला वाटायचा हो. मुलं त्याच्यावर जीव टाकतात."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "मुलं शिक्षकावर उगाच जीव टाकत नाहीत, सर. तुम्ही फार सरळ आहात. जरा उलटं करून बघायला शिका."

"त्याला बोलावून विचारू का एकदा?"

"गोपनीय अहवाल आहे."

राऊळ सरांनी सही केली. संस्थेचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधीच आलं. भूपेश केणी यांची सेवा मुदत संपल्यावर पुढे चालू ठेवता येणार नाही. कारण लिहिलेलं नव्हतं, तसा रिवाजही नव्हता. भूपेशने पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि मंदाबाईंना विचारलं, प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या.

तो सामानाची मोजदाद करत होता, म्हणून नववीच्या वर्गावर त्या तासाला बाई गेल्या. वर्ग सुन्न बसला होता. बाईंना वाटलं, आता सर चाललेत, आता ही पोरं खरं बोलतील. अहवाल खरा होता ह्याची त्यांना मुलांच्या तोंडून पावती हवी होती. गुन्हेगार पकडला तरी कबुली मिळाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"ऋतिका, ऊठ," त्या म्हणाल्या. "सोडिअमचं काढून दाखव फळ्यावर. घाबरू नकोस."

ऋतिका फळ्याजवळ गेली. तिने वर्तुळं काढली नाहीत. तिने एकावर एक अशा चार आडव्या रेघा मारल्या. खालच्या रेघेवर दोन टिंबं दिली. दुसरीवर आठ, दाटीवाटीने. तिसरी मोकळी सोडली. आणि चौथीवर एकच टिंब काढून खडू खाली ठेवला.

"तिसरी मोकळी का सोडलीस?" बाईंनी विचारलं. "कुणी सांगितलं सोडायला?"

ऋतिका गोंधळली. असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे तिला कळेना. "बाई, ती हलते ना."

"काय हलतं?"

"पायरी. एमची. तिच्यावर उभं न्हाय ऱ्हायचं." ती बिचकत म्हणाली, "तुमीच सांगितलंय ना, बाई. माइकवर. सर म्हनाले, एनवर उभं ऱ्हा, पन तो एम हाय असं समजा. पन समजायचं कसं? पायाखाली एन लिवलेलं हाय. त्यो एकटा इलेक्ट्रॉन मीच होते, रोज. रोज मी एनवरच उभी ऱ्हायले."

वर्गातली सगळी मुलं बाईंकडे बघत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर चोरी नव्हती. बाईंनी फळ्यावरच्या त्या मोकळ्या रेघेकडे पाहिलं आणि टिंबं मोजली. दोन, आठ, एक. पोरीने बरोबर लिहिलं होतं. सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं. एका अक्षराची चूक होती आणि ती चूक माइकवरून शिकवली होती शैला पोतनीस यांनी. आणि पायरीवर नवीन अक्षर रंगवायला मनाई कुणी केली होती? तीही त्यांनीच.

त्या वर्ग तसाच सोडून राऊळ सरांकडे गेल्या. जाताना पळत होत्या, हे त्यांना मंदाबाईंच्या तोंडाकडे बघून कळलं.

"सर, माझी चूक झाली," त्या दारातूनच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य ह्या शाळेत कुणी ऐकलेलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पायरी, लादी, माइक, एकटी ऋतिका. "संस्थेला लगेच फोन करा. मी अहवाल मागे घेते."

राऊळ सर ऐकत होते. मग त्यांनी उठून दार लोटून घेतलं, परत येऊन बसले आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, खरं सांगा. घरी कोण आलं होतं?"

"म्हणजे?"

"केणीच्या घरचं कुणी? काशीगावचे लोक आहेत, चार लोकांत वजन आहे त्यांचं. कुणी काही बोललं का? धमकी-बिमकी? की दुसरं काही?"

"सर, काय बोलताय तुम्ही! चला, वर्गात चला. कुठल्याही मुलाला विचारा. प्रत्येक जण हेच सांगेल."

"तेच तर," राऊळ सर म्हणाले. त्यांच्या भल्या चेहऱ्यावर आता एक हुशारीची छटा होती आणि ती त्यांना जराही शोभत नव्हती. "सगळी मुलं एकच सांगणार. पत्र आल्यानंतर सांगणार. म्हणजे कुणीतरी पढवलेलंच ना? मी पण आता उलटं करून बघायला लागलोय, बाई. एवढे दिवस तुमच्या हाताखाली काढले, काहीतरी शिकलोच की."

बाईंना बोलायचं होतं, पण बोलण्यासारखं जे जे सुचत होतं, ते ते ह्या माणसाला पुरावाच वाटणार होतं. रडल्या असत्या तर म्हणाला असता, दबाव आहे. ओरडल्या असत्या तर म्हणाला असता, एवढा जीव का तुटतोय. गिरगावातल्या त्या चौकशीत सगळे त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होते, तीच नजर समोर होती.

"मी लेखी देते," त्या शेवटी म्हणाल्या. तिथेच बसून त्यांनी लिहून दिलं. राऊळ सरांनी कागद घेतला, पाठपोट बघितला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "पाठवतो," ते म्हणाले. "पण संस्था विचारणार, पहिलं खोटं की दुसरं? आणि त्या जागेवर नवीन उमेदवार निवडून झालाय. सोमवारी हजर होतोय."

प्रयोगशाळेत भूपेश टेबलावर चेंडू रंगांप्रमाणे वेगळे करत होता. लाल, हिरवट निळे, जांभळे. बाई दारात उभ्या राहिल्या. आत यायला त्यांना पहिल्यांदाच परवानगी घ्यावीशी वाटली.

"केणी, जरा बोलायचं होतं."

"या ना, बाई."

त्यांनी उभ्यानेच सांगितलं. चाचणी, फेरचाचणी, एन, पायरी. अहवालात काय लिहिलं तेही. काही लपवलं नाही. राऊळ सर काय म्हणाले तेवढं मात्र सांगितलं नाही, कारण ते सांगताना स्वतःची कीव मागितल्यासारखं झालं असतं.

भूपेश चेंडू हातात धरून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून बाई वाट बघत होत्या. राग आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"सगळ्यांनी दोन, आठ, एक लिहिलं?" त्याने विचारलं.

"सगळ्यांनी."

"ऋतिकाने पण? आणि मॅग्नेशिअमला दोन, आठ, दोन? मी मॅग्नेशिअम खेळवलं नव्हतं त्यांना."

"तिनेही लिहिलं. सगळ्यांनी लिहिलं."

"म्हणजे कळलंय त्यांना," भूपेश म्हणाला. तो खुर्चीवर बसला आणि हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "बाई, तीन वर्षं मला रोज रात्री वाटायचं, पोरं नुसती खेळतायत, डोक्यात काही जात नाहीये. आईला पण बोललो होतो तसं."

बाहेर मधली सुट्टी झाली. मुलांचा गलका सुरू झाला. भूपेशने डोळे पुसले आणि चेंडू पिशवीत भरायला घेतले. मग खाली बघतच म्हणाला, "अणूत काय चाललंय ते कुणाला डोळ्यांनी बघता येत नाही, म्हणून बाहेरून ओळखावं लागतं. त्याला विचारायची सोय नाही. पण मी तर तुमच्या शेजारच्या खोलीत बसत होतो, बाई. मला विचारायचंत."

आवाजात कडवटपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, एवढंच. बाईंनी ऋतिकाला विचारलं होतं, जमनाबेनचं ऐकून घेतलं होतं, गुऱ्हाळवाल्याला खोदून खोदून विचारलं होतं. ह्याला विचारणं त्यांच्या मनातच आलं नव्हतं, कारण हा खरं सांगेल असं त्यांनी धरलंच नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली. गिरगावात त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

"पुढे काय करणार?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बोरिवलीला एक क्लासवाले आहेत. ते बघतो म्हणालेत. तिथे पायऱ्या नाहीत, नोट्स आहेत." त्याने पिशवीचं तोंड बांधलं. "बाई, एक करा. पोरांना एनच्या जागी एम सांगा तेवढं. आणि त्या प्रश्नाचे मार्क कापले असतील तर द्या. त्यांची चूक नाहीये."

"देते," बाई म्हणाल्या. "आजच देते." देण्यासारखं त्यांच्या हातात आता तेवढंच उरलं होतं.